सतरावा रकाना

चाळीसाव्याचा पुलाव संपला, डेगा अंगणात उपड्या पडल्या, मशिदीतून आलेली माणसं हात धुऊन आपापल्या वाटेने गेली, तरी शबीनाचा सतरावा रकाना रिकामाच होता.

माजघराच्या कोपऱ्यात गव्हाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून ती उभ्यानेच फॉर्म भरत होती. सोळा रकाने सकाळी फातिहा व्हायच्या आधीच झाले होते. नाव, शबीना बादशाह मुलाणी. वय, अडतीस. आधीचा व्यवसाय, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, चौदा वर्षं. एकूण उड्डाण, दोनशे सहा तास. चष्मा, वाचण्यापुरता. झोप, व्यवस्थित. हे शेवटचं उत्तर खोटं होतं, पण चाळीस दिवसांपूर्वी बाप गेलेल्या बाईला झोप कशी लागते हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असणार. सतराव्यात विचारलं होतं: कधी चक्कर येऊन पडणे, शुद्ध हरपणे, झटका येणे? हो किंवा नाही. 'हो'वर बोट टेकलं की खाली एक चौकट उघडत होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, तपशील द्या. सकाळपासून तिने ती चौकट तीनदा उघडली आणि तीनदा मिटवली.

गुरुवारी नऊ वाजता पुण्यात मेडिकल होतं. त्यासाठी हा फॉर्म आज संध्याकाळी सहाच्या आत जायला हवा होता. मेडिकल पार पडलं की पुढच्या महिन्यात विमान कंपनीत पायलट म्हणून हजर व्हायचं. दोन कंपन्यांनी तिचं वय बघूनच अर्ज बाजूला ठेवला होता. तिसरीने परीक्षा घेतली, मुलाखत घेतली आणि निवडलं. चौथी कुठली उरली नव्हती.

पहिलं पडणं साऱ्या कळंब गावाने पाहिलेलं होतं. अब्बांचा जनाजा उचलला तेव्हा ती उंबऱ्यापाशी उभी होती. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं, एप्रिलचं ऊन दारात येऊन बसलं होतं. चार खांदे लागले, लाकूड जरासं करकरलं आणि ती दगडी पायरीवर कोसळली. उजव्या भुवईवर तीन टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले होते, उपाशी पोट, ऊन आणि दुःख; यातल्या पहिल्या दोहोंवर माझ्याकडे इलाज आहे. एवढंच असतं तर तिने ते बिनदिक्कत लिहून टाकलं असतं.

दुसरं मात्र हलिमाभाभीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. बारा दिवसांपूर्वी, सकाळी, मोरीपाशी. पोटात भाकरी होती, ऊन अजून वर यायचं होतं. हातात तांब्या होता एवढं आठवतं. त्यापुढचं आठवतं ते वरून वाकलेलं भाभीचं तोंड आणि पाठीखालची ओली फरशी. मधलं काहीच नाही. डोळ्यांपुढे अंधारी नाही, कानात आवाज नाही, पाय लटपटले नाहीत. कुणीतरी तिच्या आयुष्यातले आठ-दहा सेकंद अलगद कापून घेतले होते आणि दोन्ही टोकं पुन्हा चिकटवून टाकली होती. चौदा वर्षं उसाच्या रसाचे नमुने तपासताना ती एक गोष्ट शिकली होती. एक आकडा विचित्र आला तर नमुना घेताना चूक झाली म्हणायचं. दोन आले तर दोष रसातच शोधायचा.

आणि या दोन पडण्यांच्या मधे ती उडाली होती. तासांची अट होती म्हणून बारामतीच्या धावपट्टीवरून एकटीच निघाली आणि उजनीच्या पाण्यावर वळसा घालून तासाभराने सुखरूप परतली. काही झालं नव्हतं. मोरीतल्या त्या सकाळपासून मात्र ती रोज तेच उड्डाण मनात पुन्हा उडत होती, आणि दर वेळी पळसदेवच्या आसपास, खाली सगळं पाणीच पाणी असताना, ते आठ-दहा सेकंद कापलेले असत.

"पायलटबाई, बाहेर या जरा," सोप्यातून सिकंदरचाचांची हाक आली. "फ्लेक्सवाला फोटो मागतोय. टोपीवाला हाय का एखादा?"

लॅपटॉप उचलून ती निघाली. माजघर आणि सोपा यांच्या मधल्या दारावर निळी चादर बांधलेली होती. चादरीच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून अम्मा बसली होती, हातात तसबीहची माळ. इद्दतीत बसल्याला तिला चाळीस दिवस झाले होते; चार महिने दहा दिवस पुरे होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. सख्खा दीर असलेल्या सिकंदरचाचांशीही ती चादरीआडूनच बोलत होती. शबीना शेजारून गेली तेव्हा तिने लॅपटॉपकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. गेल्या बारा दिवसांत तिने काहीच विचारलं नव्हतं, आणि तेही शबीनाला खुपत होतं. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून विमान शिकायचं ठरलं तेव्हा सगळ्या खानदानाशी एकटी अम्मा भांडली होती. तलाक घेऊन माहेरी आलेली पस्तीस वर्षांची बाई आता आकाशात कशाला जाते, असं तिच्या थोरल्या भावाने, इरफानभाईने, विचारलं होतं आणि महिनाभर बोलणं टाकलं होतं. अब्बा हसून एवढंच म्हणाले होते, मी जन्मभर क्रेनच्या केबिनात बसलो, ही जरा आणखी वर बसंल.

सोप्यात तिघं होते. चाचा पलंगावर, मोबाइल नाकाशी धरून. इरफानभाई जमिनीवर, वेल्डिंगने डागलेले हात गुडघ्यांवर टाकून. आणि दाराशी पाटावर जोतीराम, डावा पाय लांब करून. एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत कारखान्याच्या गव्हाणीवर, जिथे ट्रकमधला ऊस उतरवतात तिथे, तो अब्बांचा जोडीदार होता. अब्बा वर क्रेनमध्ये आणि हा खाली, उसाच्या गठ्ठ्याला साखळी अडकवायला. एका हंगामात वायर सुटली, गठ्ठा त्याच्यावर आला आणि पाय गुडघ्याखाली वाकडा जुळला. त्यानंतर कारखान्याने त्याला गेटवर बसवलं. एकही ईद त्याने चुकवली नव्हती. आज सोमवार म्हणून भाभीने त्याच्यापुरता वरणभात वेगळा केला होता.

"हे बघ," चाचांनी मोबाइल पुढे केला. "वर तू, खाली विमान. कोपऱ्यात मी, ल्हानसा. ह्यो म्हणतो माझा फोटूच नको."

"चाचा, मागच्या पाच फ्लेक्सवर तुमीच हाय," इरफान म्हणाला. "लोकांना वाटंल इमान तुमीच चालवताय."

"मग? म्या काय कमी ट्रॅक्टर चालवला?"

जोतीराम मिशीत हसला. "सिकंदरभाई, तुमचा ट्रॅक्टर म्हंजी तरी जिमिनीवर कवा हुता? अर्धा वेळ ओढ्यात."

"फ्लेक्स आज नको, चाचा," शबीना म्हणाली. "अजून मेडिकल व्हायचंय."

"त्यात काय हुतंय? डोळं बघत्याल, दात बघत्याल, जा म्हणत्याल."

इरफानभाईने लॅपटॉपकडे हनुवटी उडवली. "भरला का?"

"एका ठिकाणी अडलंय."

त्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवून वाचला. ओठ हलवत वाचायची त्याची लहानपणापासूनची सवय. वाचून झाल्यावर तो सहज म्हणाला, "न्हाय लिही."

"भाई, मी पडले होते. सगळ्या गावानं पाहिलंय."

"गाव येणार हाय का गुरवारी पुण्याला सांगाया?"

"भुवईवर टाके आहेत. ते विचारतील."

"म्हण, मोरीत घसरले."

मोरीचं नाव ऐकून तिने चटकन त्याच्याकडे पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. पहिला शब्द सुचला तो त्याने उचलला होता.

चाचांनी मोबाइल मांडीवर ठेवला. "अगं, मयतीला बाया पडत्यातच. आमची फुफी तर कुनाच्या बी मयतीला पडायची, वळख असू न्हायतर नसू. नव्वद वर्सं जगली. असलं कुनी कागदावर लिवतं व्हय?"

"पडले तेवढं लिहायला मला काही वाटत नाही," शबीना म्हणाली. "एकदाच तर..."

"दोनदा."

हलिमाभाभी चहाचा ट्रे घेऊन चादरीपाशी उभी होती. ट्रे तिने खाली ठेवलेला नव्हता.

"काय दोनदा?" इरफानने विचारलं.

"शबीना मला माफ कर. तू कसम घातली हुतीस." भाभी नणंदेकडे न बघता बोलत होती. "बारा दिस झालं. मोरीपाशी. तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले तर ही आडवी. डोळं उघडं, पण त्यात कुनी न्हाय. मी हाका मारल्या, गालावर मारलं. मग एकदम उठली आन् मला म्हणती, भाभी, तू हितं काय करतीस?"

डोळे उघडे होते हे शबीनाला आज पहिल्यांदा कळत होतं. भाभीने ते तिलाही सांगितलं नव्हतं.

"तू आत जा," इरफान म्हणाला.

"जाते. पन ती मोरीत गेली की मी रोज दाराबाहीर हुबी ऱ्हाते, तुमाला ठावं हाय का? पान्याचा आवाज थांबला की माझा जीव थांबतो. वर ढगात कोन हुबं ऱ्हानार हाय?"

"तुला तिची नोकरी बघवंना व्हय?"

भाभीने आता ट्रे खाली ठेवला. "तिची नोकरी बघाया आदी ती तर दिसाय पायजे," ती शांतपणे म्हणाली, आणि आत न जाता तिथेच खांबाला टेकून उभी राहिली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. नवऱ्याने आत जा म्हटल्यावर ती बाहेर राहिली असं शबीनाने कधी पाहिलेलं नव्हतं.

इरफानने चेहऱ्यावरून हात फिरवला. पुन्हा बोलला तेव्हा आवाज खाली आला होता, आणि त्या आवाजात राग नव्हता म्हणूनच शबीनाला अधिक भीती वाटली.

"ऐक शबीना. मी तुला नको म्हणत हुतो. तवा माझं चुकलं, मी अब्बांसमोर कबूल केलं. अब्बा जायच्या आठ दिस आदी त्या खाटंवर बसून मला काय म्हणाले ठावं हाय? तिला त्या पायलटच्या कपड्यात बघायचंय. म्हणून सांगतो. गुरवारी ते मशीन लावतील. छातीला वायरी लावतील, रक्त काडतील. तुज्यात काय असंल तर त्यांना दिसंल. दिसलं तर दिसलं, आपलं नशीब. पन न दिसलेलं आपन होऊन का सांगायचं? त्यांचं काम हाय शोधायचं. तू कशाला त्यांच्या हातात कोलीत देतीस?"

सकाळपासून ती नेमकी याच बोलण्याची वाट पाहत होती, हे तिला कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली. कुणीतरी दुसऱ्याने हे म्हणावं, मोठ्याने म्हणावं, आणि त्यात थोडं तरी खरं वाटावं. वाटतही होतं. दोन वेळच्या पडण्याने काय सिद्ध होतं? बाप गेलेल्या घरात माणसं कमी जेवतात, कमी झोपतात. तीन वर्षं बारामतीच्या खोलीत राहून, आपल्याहून अर्ध्या वयाच्या पोरांबरोबर हवामानाचे तक्ते पाठ करून, त्यांनी मागून "आंटी" म्हटलेलं न ऐकल्यासारखं करून तिने इथवर मजल मारली होती. मोरीतल्या एका सकाळसाठी ते सगळं चौकटीत लिहून परत करायचं?

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. बोट 'नाही'वर टेकवलं. छोटा गोल काळा झाला. कुठलीही चौकट उघडली नाही. पान आपोआप वर सरकलं आणि अठरावा रकाना समोर आला.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"हे शेवटचं." तिने वाचून दाखवलं. "आईवडिलांपैकी कुणाला हृदयाचा विकार, वारंवार शुद्ध हरपणे किंवा अचानक मृत्यू."

"अचानक तर गेलेच," चाचा म्हणाले. "अंगनात खुर्चीवर बसल्या बसल्या. पन सहासष्ट वर्साच्या मानसाला अचानक कोन म्हणतं?"

"आधी काही नव्हतं ना? चक्कर वगैरे?"

"अब्बांना?" इरफान म्हणाला. "डोकं बी दुखलं न्हाय कधी."

"बादशा म्हंजी लोखंड," जोतीराम म्हणाला. "बारा तासाची पाळी करून परत माज्यासंगं सायकलीनं घरला."

शबीनाने चादरीकडे मान वळवली. "अम्मा? अब्बांना कधी काही झालं होतं?"

तसबीहच्या मण्यांचा आवाज इतका वेळ बारीक येत होता. तो थांबल्यावरच तो येत होता हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"अम्मा?"

चादर बाजूला झाली आणि अम्मा, ताजबी, स्वतः सोप्यात आली.

पांढरा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. चाचा गडबडून उठले, पाठ फिरवावी की बाहेर जावं ते त्यांना सुचेना. जोतीरामने मान खाली घातली आणि लांब केलेला पाय जवळ ओढू लागला.

"भाभी, आत बसा," चाचा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "काय हवं ते इरफानला सांगा."

"बसा सिकंदरभाई. माझ्याकडं बघू नगा, पन ऐका. ऐकल्याबिगर कुनी जाऊ नगा." मग ती शबीनाला म्हणाली, "मागं जा. आदीच्या ठिकानी व्हय लिही."

"अम्मा, तूच तर मला..."

"व्हय, मीच. मीच समद्यांशी भांडले. मला वाटलं, माझ्या मनातलं भ्या हाय, त्ये तुझ्या पायात कशाला बांधू. तुझ्यात त्येचं काय आलंच नसंल." ती उभीच होती. कुणी बस म्हणालं नाही आणि ती बसलीही नाही. "तुझा बाप पडायचा."

इरफान उठला. "काय बोलतीस अम्मा?"

"पयल्यांदा शेतात. ही चौथीत हुती. बांधावर बसून भाकरी खात हुतो, हातातला तुकडा तसाच आन् मानूस मागं कलंडलं. डोळं उघडं." तिने हलिमाकडे एकदाच पाहिलं. "ही आता जे बोलली तेच. दुसऱ्या घडीला उठून बसलं आन् म्हणाले, मीठ दे. त्येनला कळलं बी न्हवतं. पुढं कधी वर्सातनं एकदा, कधी दोन्दा. दर साली हंगामाच्या आदी कारखान्याचा डॉक्टर तपासायचा. इचारायचा, चक्कर येती का. मी घरातनं शिकवून धाडायची, न्हाय म्हना. क्रेनवरनं काढलं तर खाली हमालीला घालतील, पाठ मोडंल. एवढंच माझ्या डोक्यात. हंगाम सुरू झाला आन् भोंगा वाजला की माझं हातपाय गार पडायचं. पन मी न्हायच म्हनायला सांगायची. सतरा सालं मी त्येनला ह्यो एक शबुद शिकवला."

शबीनाला अंगणातल्या रिकाम्या डेगेवर कावळा चोच मारत असल्याचा आवाज ऐकू येत होता. तिला वाटत होतं की आता अम्माने थांबावं. पुढे काय आहे ते तिला अंधुक दिसू लागलं होतं, आणि दाराशी बसलेल्या माणसाच्या पायाकडे न बघण्यासाठी ती पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत राहिली.

"जोतीरामभाऊ," ताजबी म्हणाली.

जोतीरामने मान वर केली नाही.

"तवा वायर सुटली न्हवती."

"अम्मा, बास," इरफान म्हणाला.

"त्ये वर पडलं हुतं. केबिनात. हात लिवरवर तसाच दाबलेला ऱ्हायला. शुद्धीत आलं तवा गठ्ठा खाली आन् तुमी गठ्ठ्याखाली. घरी येऊन भिताडाला डोकं आपटून घेतलं. म्हणाले, मी जाऊन सांगतो. मी पाय धरलं. समदी मानसं वायर म्हणत्यात, वायर जुनी हुतीच, मग तसंच ऱ्हाऊ द्या, म्हनलं. जोतीरामला कारखाना बघंल, आपल्याला कोन बघंल. दुसऱ्या हंगामाला परत वर चडलं. पुढं सात सालं चडलं."

तिला धाप लागली होती. हलिमाने पुढे होऊन तिचा दंड धरला.

चाचा अजून भिंतीकडे तोंड करून उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. इरफान जोतीरामसमोर उकिडवा बसला. "काका, तिचं मन ठिकानावर न्हाय. चाळीस दिस झालं घराबाहीर पडली न्हाय, तिला काय बी..."

"गप रं," जोतीराम म्हणाला.

आपल्या डाव्या नडगीवरून त्याने तळवा एकदा वरून खाली फिरवला. मग शबीनाकडे बघितलं.

"पोरी, तू जे इमान चालवनार, त्यात मानसं किती बसत्यात?"

"एकशे ऐंशी," शबीना म्हणाली.

"हं." त्याने दाराच्या चौकटीला धरून स्वतःला उभं केलं. इरफान हात द्यायला गेला तर त्याने तो बाजूला केला. "खाली म्या एकलाच हुतो."

तो चपला पायात घालू लागला. वाकड्या पायाला नेहमी वेळ लागायचा. ताजबी दोन पावलं पुढे आली.

"भाऊ, माफी मागते."

"आज नगं, वयनी," चपलेत अंगठा अडकवत तो म्हणाला. "आज मला न्हाय जमायचं."

त्याचा चहा पाटाजवळ तसाच राहिला. चाचा कुणाला काही न सांगता त्याच्या मागून निघाले. फाटकापर्यंत दोघांत चार हात अंतर होतं आणि त्यांपैकी कुणीही ते कमी केलं नाही.

इरफान सोप्याच्या मधोमध उभा होता. "तू आत्ता व्हय लिहिलंस तर संपलं," तो म्हणाला. शबीनाला तो एवढा थकलेला कधी दिसला नव्हता. "ते म्हणतील आदी ह्या तपासण्या करा, त्या करा. वरीस जाईल. वरीस गेलं की वय म्हणतील. चौथी कंपनी न्हाय, तूच म्हणतीस."

"हो, चौथी नाही."

"आन् निगालंच काय तर?"

निघालं तर उड्डाण संपलं, एवढंच नव्हतं ते. निघालं तर त्या खुर्चीवर बसल्या बसल्या अब्बांनी जे केलं ते कधीतरी तीही करणार होती, आणि कधी ते कुणी सांगू शकणार नव्हतं. आणि भाईचा तो प्रश्न त्याला स्वतःलाही लागू होता. तो एक्केचाळीसचा होता, अब्बांचाच मुलगा होता, आणि रोज शिडीवर चढून छपराच्या कैच्यांना वेल्डिंग करत होता. हे त्याच्या ध्यानात आलं होतं की नाही ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. हलिमाच्या ध्यानात आलं होतं. अम्माचा दंड धरलेला ठेवूनच ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती.

"भाई, फॉर्म गेल्यावर तुझ्याशी बोलायचंय," शबीना म्हणाली. "आजच. शिडीवर पाय ठेवायच्या आधी."

त्याच्याऐवजी भाभीने होकारार्थी मान हलवली.

शबीनाने पान मागे घेतलं. सतराव्यात 'नाही'वरचं बोट 'हो'वर नेलं. चौकट उघडली. तपशील द्या. तिने प्रयोगशाळेच्या वहीत लिहायची तसं लिहिलं. पहिली घटना, एकोणीस एप्रिल, उपाशीपोटी, उन्हात, वडिलांच्या अंत्ययात्रेच्या वेळी. दुसरी घटना, सतरा मे, सकाळी, न्याहारी झालेली असताना, पूर्वसूचनेशिवाय, आठ ते दहा सेकंद. साक्षीदार आहे. डोळे उघडे होते. शेवटचं वाक्य लिहिताना दोन अक्षरं खोडून पुन्हा उमटवावी लागली.

अठरावा रकाना. वडील. हो. पुन्हा तशीच चौकट, तिच्यात आणखी बारीक अक्षरात विचारलेलं: अंदाजे किती वेळा?

पाच वाजून गेले होते. हलिमाने अम्माला आत नेऊन कोठीशेजारी बसवलं होतं आणि पाणी पाजलं होतं. शबीना लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. इरफान चादरीच्या कडेला टेकून उभा राहिला, आत ना बाहेर.

"अम्मा, अब्बांना सगळं मिळून किती वेळा झालं असेल?"

ताजबीने तसबीह बाजूला ठेवली. उजव्या हाताचा अंगठा तिने करंगळीच्या खालच्या पेराला लावला.

"तू चौथीत हुतीस तवा बांधावर," ती म्हणाली. "इरफान धावीत हुता त्या साली भिगवनच्या बाजारात. मोठी म्हस मेली त्या साली गोठ्यात. तुझ्या आजीच्या मयतीनंतर तीन दिसांनी..."

"हळू सांग," शबीना म्हणाली. "मी लिहितेय."

अंगठा एकेका पेरावरून पुढे सरकत होता. करंगळी झाली, तिच्याजवळचं बोट झालं. अम्मा आठवायला कुठेही थांबत नव्हती. साल, जागा, वेळ, तोंड कुठल्या बाजूला होतं, सगळं तिला पाठ होतं. उजव्या हाताची पेरं संपली, तसा तिने पदराखालून डावा हात पुढे घेतला.